शेपटाकडून कापलेली बातमी

बातमीदाराचं नाव छापून येतं, संपादकाचं येतं, पेपर छापणाऱ्याचंही शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात का होईना, येतं. उपसंपादकाचं कुठेच येत नाही, आणि ती उपसंपादक होती. लग्नाकार्यात कुणी विचारलं की ती सांगायची, पेपरात आहे. समोरचा खूश होऊन विचारायचा, मग तुमचं काही वाचनात कसं आलं नाही? आता काय सांगायचं या शहाण्यांना? रोज संध्याकाळी चहाबरोबर ते जे वाचत होते त्यातलं निम्मं हिच्याच हातून गेलेलं असायचं, मथळ्यांसकट. पण ती नुसती हसायची आणि पाण्याचा ग्लास शोधायला निघून जायची.

ऑफिसात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे कात्री. तिला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. पेपर संध्याकाळचा, त्यामुळे सगळी मारामारी सकाळची. बातमीदार पोतंभर मजकूर आणून ओतायचे आणि कात्री त्यातला दाणा-दाणा निवडायची. मेलेल्या माणसाचं वय काल एक आणि आज दुसरं का, मंत्री एकाच वेळी दोन सभांना कसे हजर, पूल कोसळला म्हणता तर कोणता पूल, जुना की नवा? बातमीदार वैतागायचे, फोन आपटायचे, आणि शेवटी कबूल करायचे की हो, जुनाच. ती खुर्चीत कधी टेकून बसली नाही. कडेवर बसायची, एक पाय हलता, पेनाचं टोपण दातात. शेजारचा म्हणायचा, ताई, तुमच्या पायाला डायनामो लावला तर ऑफिसची वीज फुकट होईल.

तिची कात्री शेपटाकडून चालायची. सगळ्या उपसंपादकांची तशीच चालते. बातमीत महत्त्वाचं ते आधी आणि बारीकसारीक ते शेवटी, अशी लिहायची रीत असते. म्हणजे जागा कमी पडली की खालच्या ओळी डोळे मिटून उडवता येतात, बातमीचं काही बिघडत नाही. बातमीदारांनाही हे पाठ. आपलं कापलं जाऊ नये असं ज्याला वाटेल त्याने ते वर लिहावं, संपला विषय. इतकी वर्षं या रितीने तिला कधी दगा दिला नव्हता.

दगा दिला तो नाट्यसमीक्षकाने. झालं असं, की गुन्ह्यांच्या बातम्या आणणारा तापाने फणफणला होता आणि पोलीस ठाण्यात पाठवायला दुसरं कुणीच नव्हतं. समीक्षक रिकामा होता. रिकामा म्हणजे काय, त्या आठवड्यात एकही नाटक त्याला टीका करण्याच्या लायकीचं वाटलं नव्हतं. तो गेला, आला, आणि त्याने चोरीची बातमी लिहिली ती थेट तीन अंकी. बाजारामागच्या वस्तीत बंद घरं चावीने उघडून चोऱ्या होत होत्या, हा पहिला अंक. बाजारातल्या जिन्याखाली बसणाऱ्या चावीवाल्याकडून पोलिसांनी साबणाची वडी ताब्यात घेतली, वडीवर एका चावीचा ठसा होता, आणि चावीवाला दिवसभर ठाण्यात बसून होता, हा दुसरा. तिसरा अंक खाली, अगदी तळाशी.

तो तिने वाचलाच नाही. पान छपाईला सुटायला आलेलं, आणि जाहिरातवाले धावत आले की गादीची जाहिरात आली आहे, मोठी आहे, पहिल्याच पानावर हवी. पान लावणारा ओरडायला लागला. सगळ्या बातम्या आखडल्या. चावीवाल्याची बातमी तळाकडून लोंबत होती, ती तिने खचकन कापली आणि पुढे सरकली. मग मथळा आखूड पडला. "चावीवाल्याची चौकशी" असं लिहिलं तर दोन्ही बाजूंना पांढरं दिसत होतं, दात पडलेल्या तोंडासारखं. तिने मध्ये एक शब्द घातला. "चावीवाल्याची कसून चौकशी". ओळ भरली, पान सुटलं, पान लावणाऱ्याने कपाळाचा घाम पुसला आणि तिला हात जोडले. तिला त्या दिवशी स्वतःचा अभिमानच वाटला होता.

घरी गेली तर सासूबाई पेपर मांडीवर पसरून बसल्या होत्या. पेपर त्या मोठ्याने वाचायच्या, ऐकणारं कुणी असो नसो. सुनेने बूड टेकायच्या आत त्यांनी मुलाला हाक मारली. दाराची दुसरी चावी बाजारातून करून आणली होती ती याच जिन्याखालच्याकडून ना? नवऱ्याने आतून हो म्हटलं. मग काय, घरात वणवाच पेटला. तो मेला आपल्या दाराची चावी खिशात घालून फिरत असणार, साबणाचा ठसा सापडलाय म्हणे, पोलिसांनी कसून चौकशी केली म्हणे, उद्याच्या उद्या नवं कुलूप आण. "कसून" हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, तोंडात कडू आल्यासारखा. त्या शब्दाला पोलिसांनी हात लावला नव्हता. तो कात्रीने ओळ भरायला घातला होता.

घरासमोरच्या बाजारातूनच ती रोज बसला जायची. जिन्याखाली एक माणूस कानस घासत बसतो हे तिने हजार वेळा पाहिलं होतं. पण बातमीतला चावीवाला आणि हा माणूस एकच, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. ऑफिसात तो माणूस नव्हता, मजकूर होता. त्या संध्याकाळी तिने भांडी दोनदा धुतली, खिडक्या उघडल्या, लावल्या, पुन्हा उघडल्या. नवऱ्याने विचारलं, काय झालंय तुला? ती म्हणाली, काही नाही, उकडतंय.

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं तर समीक्षक तिच्या टेबलापाशी उभाच, डोळे लाल. त्याची तक्रार अशी, की तिने त्याच्या लिखाणाचा खून केला. वाचकाचा संशय त्याने मुद्दाम चावीवाल्यावर नेला होता, ओळीमागून ओळ तो संशय वाढवला होता, आणि शेवटी एका फटक्यात सगळं उलटवलं होतं. तेच नेमकं उडवलं. कात्रीने विचारलं, काय उलटवलं होतं? त्याला वाटलं ही थट्टा करते आहे. मग तिचा चेहरा बघून त्याने सांगितलं.

एक अनोळखी माणूस साबणावर ठसा घेऊन चावी करायला आला. चावीवाल्याने त्याला हसून सांगितलं, संध्याकाळी या. तो वळताच टपरी तशीच उघडी टाकून हा वडी घेऊन ठाण्यात गेला. दिवसभर तिथे बसला तो या आधी आणखी कोण कोण असं आलं होतं ते आठवून सांगत. संध्याकाळी तो माणूस चावी न्यायला आला आणि पोलिसांनी त्याला टपरीतच धरला. चोऱ्या त्याच्याच. समीक्षकाला अजून आपल्या शेवटाचंच दुःख होतं. ती मात्र खुर्चीवर बसली ती पहिल्यांदाच पाठ टेकून.

चोर पकडून देणाऱ्याला तिने चोर करून टाकलं होतं, आणि ते वाचून तिच्याच घरात कुलूप बदललं जात होतं. बाकीच्या घरांचं काय सांगावं? डॉक्टरचा एक रोगी दगावला तरी दुसरे येतात. चावीवाल्याकडे माणूस एकाच गोष्टीच्या जिवावर येतो, ती गेली की जिन्याखाली नुसता जिना उरतो.

ती संपादकांच्या खोलीत गेली. संपादक भला माणूस, पण ऑफिसची रीत त्यालाही सोडवत नव्हती. तक्रार आल्याशिवाय खुलासा छापायचा नाही, आणि छापायचा तो आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली. तक्रार आली आहे का? नाही. मग कशाला उगाच आपल्या हाताने तोंडाला काळं फासून घ्यायचं? ती म्हणाली, तक्रार आणते. संपादकांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. आपल्याविरुद्ध तक्रार आणायला निघालेली उपसंपादक त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

पान छपाईला सोडून ती थेट बाजारात गेली. जिन्याखाली चावीवाला बसला होता. कोऱ्या चाव्यांचे झुबके मागच्या फळीवर टांगलेले, पुढे चावी आवळून धरायचा लहानसा शिकंजा, आणि त्यात काहीच पकडलेलं नव्हतं. तो एकच कानस फडक्याने पुसत होता. तिने आपण कोण ते सांगितलं, चूक माझी आहे तेही सांगितलं, आणि आपलं बोलणं अडखळतंय हे तिला स्वतःलाच ऐकू येत होतं. तो रागावेल, शिव्या देईल, लोक जमतील अशी सगळी तयारी करून ती आली होती. त्याने नुसतं स्टूल पुढे सरकवलं. सोसायटीच्या पहारेकऱ्याने त्याला काल फाटकातच अडवलं, शाळेने कपाटांचं काम दुसऱ्याला दिलं, आणि सख्ख्या मेहुण्याने निरोप धाडला की जरा काही दिवस येऊ नका, हे सगळं त्याने दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही तक्रार द्या, म्हणजे खुलासा छापता येईल.

"काय छापाल?" त्याने विचारलं. "चावीवाला चोर नाही, असंच ना? ज्यांनी वाचलं नव्हतं तेही वाचतील आता."

ती तशीच उठली आणि घरी न जाता पुन्हा ऑफिसात आली.

रिकाम्या ऑफिसात ती खुलासा लिहायला बसली. मोठमोठ्या दंगली जिने चार ओळींत बसवल्या, तिला या चार ओळी बसेनात. "अमुक बातमीत अनवधानाने" लिहिलं, खोडलं. "सदर चावीवाल्याचा चोरीशी संबंध नसून" लिहिलं, आणि चावीवाला नि चोरी पुन्हा शेजारी शेजारी येऊन बसले ते बघून तिने ते पुसून टाकलं. काहीही करा, "नाही" हा शब्द बिचारा शेवटी यायचा, आणि शेवटाचं काय होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती उठायची, टेबलांमधून फेरी मारायची, कुणाच्यातरी कपातला गार चहा आपला समजून प्यायची, पुन्हा बसायची. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला स्वतःचाच संताप आला. रडायला काय झालं, रडायचं असेल तर त्याने रडावं.

मग तिने खुलाशाचा नादच सोडला आणि बातमीच लिहिली. पहिल्यापासून, नव्याने. जिन्याखाली साबण घेऊन आलेला माणूस, हसून दिलेला संध्याकाळचा वायदा, उघडी टाकलेली टपरी. चोर कुणी पकडून दिला ते पहिल्याच ओळीत. मथळ्यात तिने भरीचा एकही शब्द घातला नाही, ओळ आखूड पडली तर पडली. दुसऱ्या दिवशी संपादक म्हणाले, बातमी शिळी आहे. ती म्हणाली, शिळी आहे, पण खरी पहिल्यांदाच छापून येते आहे. आवाज चढला होता तिचा. बाहेर सगळ्यांनी माना वर केल्या, आणि कधी नव्हे तो समीक्षक दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला की ही बातमी पहिल्या पानावर जाणार नसेल तर मीही उद्यापासून नाटकं बघणार नाही. ही धमकी होती की वचन हे संपादकांना कळेना. बातमी पहिल्या पानाच्या तळाला गेली, आणि पान लावणाऱ्याला तिने बजावलं की हिला हात लावशील तर याद राख. त्या दिवशीही जाहिरात आली होती. तिने दुसऱ्या सगळ्यांच्या बातम्या कापल्या.

लोकांनी बातमी वाचली. ऑफिसात फोन आले, वाहवा झाली. सासूबाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाल्या, बघा, असतात हो अशी माणसं अजून. कात्रीला वाटलं, सुटले. पण पायाचं हलणं काही थांबेना. दोन-चार दिवसांनी ती मुद्दाम बाजाराच्या बाजूने गेली. शिकंज्यात चावी होती, गिऱ्हाईक होतं, तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने नीट बघितलं. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं नव्हतं. चावीवाल्याच्या डोक्यावर वाकून उभं होतं, त्याच्या हातांवर डोळे रोखून, आणि चावी होताच जुनी-नवी दोन्ही मुठीत घेऊन आणखी एक नक्कल कापून ठेवलेली नाही ना हे त्याने वाकून फळीवर पाहिलं. ते गेल्यावर तिने विचारलं, आमची दुसरी बातमी वाचली का तुम्ही?

"वाचली. चांगली लिहिलीय," तो म्हणाला. "पण लांब आहे ना, ताई. पहिली छोटी होती. ती लोकांना पाठ झाली."

त्याने ते दुखवायला म्हटलं नव्हतं. छोटं लिहावं, लोकांच्या लक्षात राहील असं लिहावं, यासाठीच तर तिने उभं आयुष्य घालवलं होतं.

इकडे घरी सासूबाईंनी आणवलेलं नवं कुलूप नवऱ्याने स्वतः बसवलं होतं. त्याचा हात म्हणजे काय विचारता. दार उघडायला चावी फिरवावी लागायची, दार वर उचलावं लागायचं आणि वर देवाचं नाव घ्यावं लागायचं. कात्री म्हणाली, जिन्याखालच्यांना बोलावते. सासूबाई म्हणाल्या, बोलाव की, भला माणूस आहे, फक्त आपण दोघी घरात असताना बोलाव.

सुट्टीच्या दिवशी तो आला. पिशवीतून पेचकस काढला, कुलूप सोडवलं, कानाशी धरून हलवलं. आतली पट्टी वाकली होती, ती टपरीवर शिकंज्यात धरून सरळ करावी लागणार होती. तो म्हणाला, नेतो आणि लगेच आणून देतो, चावी पण लागेल. तिने खुंटीवरून चावी काढली, त्याच्या हातावर ठेवायला हात पुढे केला, आणि तिच्याच तोंडून तिला ऐकू आलं, थांबा, मी येते बरोबर. बोलता बोलता एक पाय चपलेत गेलासुद्धा होता.

त्याच्या चेहऱ्यावर रागाची रेषही उमटली नाही.

"या की," तो म्हणाला. "हल्ली सगळेच येतात."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साबण, ठाणं, उघडी टपरी, सगळं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि तिच्या पायाने मात्र तिची पहिलीच बातमी खरी मानली होती. तिने चप्पल काढली. म्हणाली, नको, तुम्हीच जा, मला घरात काम आहे. काम काही नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं. त्याने चावी घेतली, कुलूप पिशवीत टाकलं आणि तो जिना उतरून गेला.

सासूबाई बाहेर आल्या. दाराला कुलपाच्या जागी भोक पडलेलं बघून त्यांनी विचारलं, त्याच्याबरोबर कोण गेलंय? ती म्हणाली, कुणी नाही. सासूबाईंनी खुर्ची ओढत दारापाशी आणली आणि त्या बसून राहिल्या. ती त्यांच्या शेजारी उभी होती. तो माणूस साफ आहे हे त्या अख्ख्या शहरात तिच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी जिन्यावर त्याची पावलं वाजेपर्यंत तिचे डोळे त्या भोकावरून हलले नाहीत.